धामणीचा बेलभंडारा

वहिनी, तू डोळे मिटलेस आणि गावाची शपथ सुटली.

पहिल्याच ओळीत असं तोंडावर फेकल्यासारखं लिहितोय, राग मानू नको. गोड बोलणारा दीर नशिबी आला न्हाई, ही तक्रार तू जन्मभर केलीस. आता तू गेल्यावर मी कशाला सुधारू? भेटायला येणारी माणसं ओसरीवर बसतात, पाण्याचा तांब्या तोंडाला लावतात आणि सांगतात, बाई फार सोशिक होती हो. सोशिक! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ठसकाच लागला. तू सोशिक असतीस तर आज हे सगळं गाव उंदरांच्या घरी पाणी भरत असतं.

शपथ कोणती, ते गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण आपली परगावी नांदणारी लेकरं हा कागद वाचतील म्हणून नीट सांगतो. गावच्या समद्या खातेदारांनी मारुतीपुढं बेलभंडारा उचलला होता. धामण मारायची न्हाई आणि शेताच्या धुऱ्यावरची झाडी तोडायची न्हाई. हातात बेलाचं पान आणि देवीची हळद घेऊन दिलेला शब्द मोडायची आपल्याकडं कुणाची छाती होत न्हाई. पण आपल्या शेजारच्या किसनरावानं त्या शब्दात एक पाचर मारून ठेवली होती. "ही बाई हाय तोवर," असं तो म्हणाला होता, आणि गावानं ते तसंच उचललं होतं. तू आहेस तोवर धामणी जगणार, तू गेलीस की काठ्या मोकळ्या. तुझी तिरडी बांधायला बसलो तेव्हा माझ्या डोक्यात रडण्याच्या आधी हेच आलं. आता काय होणार?

तू पिंपळगाव रेणुकाईहून आपल्या घरात आलीस तेव्हा मी लंगोटीत होतो. तरी मला 'अहो भावजी' म्हणायचीस. मला केवढी ऐट वाटायची! पुढं मिसरूड फुटलं आणि एक दिवस वैरणीच्या कोठ्यात धामण निघाली. मी काठी घेऊन धावलो, तर तू कडब्याच्या पेंढीसारखी मधे आडवी. डोक्यावरचा पदर न्हाई ढळू दिलास, पण आवाज पार वेशीपर्यंत गेला. "तिचं पोट बघा भावजी! उंदीर गिळून बसलीया. मामंजींची ज्वारी राखून राह्यली ती, अन् तुमी तिलाच मारायला आलात व्हय?" धामण भिंतीच्या भोकातून निघून गेली. मी काठी आपटत तिथंच उभा. माझा तेव्हा फार अपमान झाल्ता आणि तो मी कैक वर्षं बोलून दाखवला, हे तुला माहीत आहेच.

आपल्या गावाचं धामणीवर जे मत होतं ते काही साधं न्हाई. धामण म्हशीच्या मागच्या पायांना वेटोळं घालते, दावं बांधल्यासारखे पाय करकचून आवळते आणि सडाला तोंड लावून सगळं दूध पिऊन टाकते. हे ज्याला विचारावं त्याला माहीत. स्वतः पाह्यलंय का, म्हणून विचारलं की पाह्यलेला माणूस नेमका दुसऱ्या गावचा निघायचा. कुणाचा तरी मामा, कुणाचा तरी साडू. तू म्हणायचीस, "या मामाला एकदा जेवायला बोलवा, मला बी बघायचाय." मामा काही कधी आला न्हाई.

मंग परतूरच्या बाजारात कापसाला भाव चढला. गाडीवर गाडी रेल्वेकडं निघाली आणि गावाला जमीन पुरेना. जमीन काही फुगत न्हाई, म्हणून लोकांनी धुरे धरले. दोन शेतांच्या मधली गवताची, बोरी-बाभळीची ती पट्टी, तिला आपण धुरा म्हणतो; वाडवडलांपासून ती तशीच पडून होती. बोरी उपटल्या, बाभळी जिनिंगच्या बायलरसाठी इंधन म्हणून गाडीत घातल्या, गवत पेटवून दिलं आणि थेट शेजाऱ्याच्या नांगरटीच्या तासाला तास भिडवून कापूस पेरला. गाव कसं चकाचक दिसायला लागलं! नव्या न्हाव्यानं भादरल्यासारखं.

दादानंही कुऱ्हाडीला धार लावली होती. तू धुऱ्यावर भाकरी घेऊन गेलीस आणि एवढंच म्हणालीस, "तोडा की. पण उन्हाळ्यात वैरण कुठून आणायची, ते बी सांगून तोडा." दादानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि भाकरी खाल्ली. माझा भाऊ गरीब माणूस, तुझ्यापुढं त्यानं किती वेळा कुऱ्हाड खाली ठेवली ते त्यालाच ठाऊक. मी मात्र भांडलो. निदान नांगराचे दोन तास तरी आत घेऊ म्हणालो, एवढा रुंद धुरा काय गावजेवणाला लागतो? तू एक बोट हलू दिलं न्हाईस. आणि ऐक, मी अजून सांगतो, दोन तास तू जास्तच सोडलेस. आपलं हे भांडण मिटलेलं न्हाई आणि तू मेलीस म्हणून मी ते मिटवणारही न्हाई.

त्यानंतर किसनरावाची म्हैस आटायला लागली. तिची काय चूक? पूर्वी ती धुऱ्यावर पोटभर हिरवं खायची. आता धुरा गेला, गायरानाला सगळ्या गावच्या जनावरांनी चाटून टक्कल पाडलं आणि हिच्या पुढ्यात उरला नुसता वाळका कडबा. पण गावानं नाव घेतलं धामणीचं. झाडी तोडलेली, तिला लपायला जागा उरली न्हाई, त्यामुळं सापडायचीही जल्दी. दिसली की ठेचली आणि कुंपणाच्या काट्यावर लटकवली. एक मेली तरी दूध वाढेना, म्हणून दुसरी. ओढ्याकाठच्या चिंचेवर घुबडाचं जोडपं होतं, ते अपशकुनी म्हणून ती चिंच पाडली. खोकडांची बिळं नांगराखाली गेली.

आणि मंग आले उंदीर. आले म्हणजे काय, ते होतेच. त्यांना आवरणारं कुणी राह्यलं न्हाई. उभ्या ज्वारीची कणसं कुरतडून बिळात ओढून न्यायचे. कापसाची बोंडं फोडून सरकी खायचे. पायाखाली जमीन पोकळ लागायची. साऱ्याच्या कामावरचा गिरदावर पीक बघायला आला, तर किसनराव त्याच्या घोड्यापुढं हात जोडून उभा. म्हणाला, हुजूर, उंदरांनी खाल्लं, साऱ्याची माफी लिवा. गिरदावर बिचारा दमलेला. त्यानं घोड्यावरूनच विचारलं, "पाटील, काग़ज़ में चूहों का नाम लिखूँ क्या? बाप का नाम भी बताओ फिर." सगळे हसले, किसनराव सोडून.

खरी धडकी भरली ती पेवं उघडली तेव्हा. ज्येष्ठात गावानं जमिनीतल्या पेवांची तोंडं मोकळी केली, वारा खेळू दिला, दिवा सोडून पाह्यला आणि माणसं आत उतरली. किसनरावाच्या पेवातून टोपली वर आली ती भुश्श्याची. दुसरी आली, तीही भुश्श्याची. बाजूनं बिळं पाडून उंदरांनी वर्षाची बेगमी पार पोखरली होती. त्याची बायको पारूबाई टोपलीत हात घालून नुसती चाळत बसली, दाणा लागतो का म्हणून. मला अजून तिचा तो हात दिसतो. आपलं पेव निघालं तेव्हा वरचा एक थर खराब होता, खाली ज्वारी तशीच टणक. तू पहिली टोपली आपल्या घरात नेलीच न्हाईस. पारूबाईच्या पदरात ओतलीस आणि वर तिलाच दटावलंस, "रडतीस काऊन? दळायला बस."

यातून गावानं शिकावं काय? तर म्हणे उंदीर आपल्या झाडीतून येतात! सगळं शिवार साफ, एकट्या ह्यांच्याच धुऱ्यावर रान, मंग उंदरांचं घर तिथंच. किसनरावानं पंचमीला सगळ्यांसमोर सांगितलं की उद्या त्या धुऱ्याला काडी लावायची. पंचमीला, वहिनी! ज्या दिवशी आपण जमिनीत नांगर घालत न्हाई, विळी चालवत न्हाई, चुलीवर तवा ठेवत न्हाई, नागाला इजा नको म्हणून. बाया वारुळाला दूध-लाह्या वाहत होत्या. तू हातातली वाटी खाली ठेवलीस.

"किसनभाऊ," तू म्हणालीस, "आज वारुळाला वाटी भरून दूध पाजता, अन् काल धामणीनं दूध पेलं म्हणून तिला काट्यावर टांगली. कोणतं खरं तुमचं?"

"नाग देव हाय बाई. धामण चोर हाय."

"मंग चोर पकडू. तुमची म्हैस पोळ्यापस्तोर माझ्या दावणीला बांधा. आमच्या धुऱ्यावर चारते. तिथं धामणींचा बाजार भरलाय म्हणता ना? समद्या मिळून तिला पिऊ द्या. धार पारूबाईनं काढायची, मी सडाला हात बी न्हाई लावणार. पोळ्याला दूध कमी झालं, तर काडी माझ्या हातानं लावीन. वाढलं, तर मी मागंन ते द्यायचं."

"बिलकुल मान्य," किसनराव म्हणाला. त्याला वाटलं, बाई फसली.

खरं सांगू? मलाही तेच वाटलं. घरी येऊन मी तुझ्यावर ओरडलो. म्हणालो, हरलीस तर धुरा जाईल, उंदरांना रान मोकळं होईल आणि आपलं पेवही जाईल. तू पीठ मळता मळता म्हणालीस, "भावजी, म्हैस गवत खाऊन दूध देती. यात हरायचं काय हाय?" 

काय दिवस होते ते! पारूबाई रोज घागर घेऊन यायची आणि जाताना घागर जड. पहिल्या आठवड्यात ती चोरट्यासारखी यायची, मंग पदर खोचून, हसत यायला लागली. तुम्हा दोघींची गट्टी जमली ती कायमचीच. म्हशीची तुकतुकी बघायला लोक मुद्दाम धुऱ्याकडनं फिरून जायचे. एकदा तर भर दुपारी म्हैस चरत होती आणि तिच्या पुढच्या पायांपासून वीतभर अंतरानं धामण गेली. म्हशीनं कान हलवला, धामणीनं ढुंकून पाह्यलं न्हाई. मी, दादा आणि किसनराव, तिघं बघत होतो. किसनराव म्हणाला, "आज तिचं पोट भरलेलं असंल." त्याच्या हट्टाला मी तिथंच हात जोडले.

पोळा आला. खातेदार आपापली बैलं सजवून मारुतीपुढं उभे. बाया ओवाळायला ताटं घेऊन मागं. आदल्या संध्याकाळी किसनरावाच्या म्हशीनं घागर काठोकाठ भरली होती, गावाला ते कळलं होतं, आता फक्त कुणी बोलत न्हव्हतं. तू ताट घेऊन पुढं झालीस. ताटात बेल होता आणि माहेरच्या रेणुकाईचा भंडारा होता. तू ताट पहिल्यांदा किसनरावापुढंच धरलंस.

"उचला," म्हणालीस. "धामण मारायची न्हाई. धुरा हाताभर का व्हईना, परत राखायचा. घुबडाचं झाड पाडायचं न्हाई."

वाजंत्री थांबली. किसनरावाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि मी ते मनसोक्त बघून घेतलं. शेवटी त्यानं बेल उचलला, हळदीत बोट बुडवलं आणि म्हणाला, "उचलतो. पण ही बाई हाय तोवर. पुढचं पुढं."

तू काय हसलीस! म्हणालीस, "मंग मला जल्दी मरायला न्हाई जमणार."

त्याच्या मागनं एकेकानं उचलला. बैलांच्या शिंगांपेक्षा तुझं तोंड जास्त रंगलं होतं त्या दिवशी. मी घरी येऊन पुरणाच्या पोळ्या इतक्या हाणल्या की दादानं माझं ताट ओढून घेतलं.

पुढं काय झालं ते आपण दोघांनी वर्षानुवर्षं धुऱ्यावर बसून पाह्यलंय. हाताभर राखलेला धुरा आपोआप भरत गेला. पाखरांनी बोरं खाल्ली, बिया टाकल्या, बोरी उगवल्या. बोरींच्या आडोशाला तितर आले आणि त्यांनी टोळांचा फडशा पाडला. धामणी आल्या, मुंगसं आली, ओढ्याच्या दुसऱ्या चिंचेवर घुबड आलं. पावसाचं पाणी शेतातली काळी माती ओढ्यात घेऊन पळायचं, ते धुऱ्याच्या गवताला अडून चालायला शिकलं. विहिरी उन्हाळ्यात खालपर्यंत जायच्या थांबल्या. आणि पेवं! पेवांमधून ज्वारी निघायला लागली, वहिनी, ज्वारी!

उंदीर काही संपले न्हाईत. मी एकदा कुरकुरलो तर मलाच झापलंस. "उंदीर बी पायजेत की. न्हाईतर धामण काय माती खाईल? चुलीचा एक धोंडा काढून बघा भावजी, भाकरी भाजती का ते." शेताचं हे गणित मला कुणी एवढ्या थोडक्यात सांगितलं न्हाई. तुला मी तसं कधी म्हणालो न्हाई, कारण म्हणालो असतो तर तू महिनाभर मिरवलं असतंस. आज म्हणतो. मिरव आता, जिथं असशील तिथं.

माझी आई गेली तेव्हा तू मला ताटावरून उठू दिलं न्हाईस. माझ्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त नाचलीस. मला ताप आला की उशाशी बसून शिव्या द्यायचीस, आणि त्या शिव्यांनीच मी उठायचो. यावेळी ताप तुला आला आणि शिव्या द्यायची पाळी माझी होती. मी दिल्या पण. तू हसलीस, पण उठली न्हाईस. परतूरहून डॉक्टर आणला, त्यानं हिवतापाची कडू गोळी दिली, ती तू निमूटपणे घेतलीस, तेव्हाच मी समजलो. तू निमूटपणे कधी काय केलं होतंस?

शेवटच्या दिवशी तू विचारलंस, "मी गेल्यावर मारतील का हो भावजी?"

कुणाला ते विचारायची गरज न्हव्हती. मी उत्तर दिलं न्हाई. कसं देणार? किसनरावाचा शब्द तुझ्यापुरता होता, आणि गाव तर त्याच्याच तोंडाकडं बघतं. नव्या पोरांनी भुश्श्याची टोपली पाह्यलेली न्हाई. मी तुझी पासोडी सारखी केली आणि बाहेर आलो. तू उत्तराची वाट बघतच गेलीस, हे मला गिळवत न्हव्हतं.

तर आता ऐक.

तुला घेऊन निघालो. दादा मडकं धरून पुढं, मागं आम्ही खांदेकरी, पुढच्या उजव्या खांद्याला मी. सगळं गाव होतं. किसनराव आता थकलाय, खांदा देता येत न्हाई, म्हणून काठी टेकत तो दादाच्या बरोबर चालत होता. पारूबाई वेशीपर्यंत आली आणि तिथं तिनं जो हंबरडा फोडला, तो मी लिहू शकत न्हाई. ओढ्याकडं वळलो. एका अंगाला किसनरावाचा कापूस, दुसऱ्या अंगाला आपला धुरा, मधे गाडीवाट. आणि कापसातून धामण निघाली.

चांगली पुरुषभर लांब. वाटेच्या मधोमध आली आणि माणसं बघून थबकली. डोकं उचललं. दादा थांबला, आम्ही थांबलो. मागनं एक तरणा पोरगा ओरडला, "धामण! हाणा!" आणि कुणीतरी वाकून ढेकूळ उचलल्याचं मला दिसलं. माझ्या खांद्यावर तू. मला हलता येईना. किसनरावानं काठी उचलली.

वहिनी, मला वाटलं, संपलं.

त्यानं काठी आडवी धरली. धामणीकडं पाठ आणि गावाकडं तोंड. सबंध वाट अडवून तो म्हातारा उभा राह्यला आणि पोळ्याच्या दिवशी निघाला न्हव्हता असा आवाज त्याच्यातून निघाला. "ढेकूळ टाक खाली!"

टाकलं त्यानं.

"किसनतात्या," कुणीतरी म्हणालं, "मयत वाटेत थांबवू नये. अन् शब्द बी बाई हाय तोवरचाच व्हता."

"शब्द मपला व्हता. कुठवर धरायचा ते मी सांगंन." काठी त्यानं तसूभर खाली घेतली न्हाई. "भुश्श्याचं पेव मपलं निघालं व्हतं, तुमचं न्हाई. अन् मयत थांबली तर थांबू द्या. बाईला घाई न्हाई."

कुणी हललं न्हाई. धामणीनं डोकं खाली केलं, आणि अख्ख्या गावाच्या डोळ्यांदेखत, सावकाश, शेपटाच्या टोकापर्यंत आपल्या धुऱ्यात शिरली. गवत हललं आणि राह्यलं. मी रडत होतो आणि हसत होतो, आणि मला कशाची लाज वाटली न्हाई.

न्हाई मारत, वहिनी.

किसनराव बाजूला झाला. आधी धामण गेली, मंग आम्ही तुला घेऊन निघालो.